गुरुवारच्या गाडीतली जागा

माझ्या आईनं एकदा एसटीच्या खिडकीतून करडू आत टाकलं होतं. जागा धरायला. लोक रुमाल टाकतात, टोपी टाकतात, कुणी पोराचं दप्तर टाकतं. आईच्या हातात त्या दिवशी दुसरं काही नव्हतं आणि बाजाराच्या गर्दीत विचार करायला उसंत नव्हती. करडू सीटवर पडलं, उभं राहिलं आणि बोंबलायला लागलं. आम्ही दारातून रेटारेटी करत आत पोचेपर्यंत त्या सीटकडं कुणी फिरकलं नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, जनावर चालत न्हाई गाडीत." आई म्हणाली, "जनावर कुटं हाय? रुमाल हाय त्यो." पुढं त्यानं करडाचं अर्धं तिकीट फाडलं की नाही, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

हे आधी सांगायचं कारण असं की, ज्याला खिडकीतून टाकलेला रुमाल ठाऊक नाही त्याला पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडं त्या रुमालाला मान आहे. मळका असो, फाटका असो, त्याचा मालक अजून खाली धक्के खात असो, त्या जागेवर दुसरा बसत नाही. बसलाच तर गाडीभर लोक त्याचा उद्धार करतात. आईचा तर नियमच होता की टाकलेला रुमाल ज्याचा त्यानंच उचलायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हा नियम तिनं आम्हां भावंडांना पाढ्यांच्याही आधी शिकवला.

माझं माहेर नांदूरघाटच्या अलीकडं, डांबरी सडक सोडून आत असलेल्या वस्तीवर. शेळ्या-मेंढ्या राखणारी आणि जोडीला थोडी कोरडवाहू जमीन कसणारी ती घरं. वडील गेल्यापासून तिथं आई, माझा धाकटा भाऊ आणि भावजय राहतात. मी लग्न होऊन तालुक्याच्या गावी आले आणि शिवणकामाचं दुकान टाकलं. माहेर तसं जवळ, पण जवळ असून उपयोग काय? वस्तीवर एसटी येत नाही. फाट्यापर्यंत चालायचं, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभं राहायचं, आणि गाडी आली तर आली. आली तरी हात करून थांबेलच असं नाही. चालकाला त्या दिवशी आपलं तोंड आवडायला लागतं.

आईची थोरली बहीण युसूफ वडगावला दिलेली. आम्हां भावंडांची मावशी, आईची अक्का. त्या दोघींचे आईबाप लवकर गेले आणि भाऊ त्यांना नव्हताच, त्यामुळं आईला माहेर म्हणून उरली ती अक्का, आणि अक्काला उरली आई. एका पंचमीला आई तिकडं जायची, पुढच्या पंचमीला मावशी इकडं यायची. आली की पहिल्या दिवशी गळ्यात गळा, दुसऱ्या दिवशी भांडण. भाकरी तू जाड थापतीस, तुझ्या शेळ्या मस्तवाल झाल्या, लहानपणी माझी बाहुली तूच विहिरीत टाकलीस. तिसऱ्या दिवशी मावशी पिशवी भरून दारात उभी राहायची आणि आई तिचा पदर धरून तिला आत ओढायची. इतकं प्रेम मी दुसऱ्या कुठल्या भांडणात पाहिलं नाही.

मग मावशी बांधावरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. हळूहळू ती वॉकर धरून अंगणात फिरू लागली, पण पुढं पुढं अंगणाबाहेर पाय टाकीना. पंचमी आली नि गेली, दिवाळी आली नि गेली. आईनं निरोप पाठवावा आणि मावशीनं सांगावं, पुढच्या खेपेला येते. मग आईच जायला लागली. गुरुवारी मावशीची सून बचत गटाच्या बैठकीला जाते आणि घरात मावशी एकटी असते, म्हणून आईचा वार गुरुवार. तिकडं जाऊन करायची काय, तर मावशीच्या डोक्याला तेल लावून वेणी घालायची आणि दोन तास तिच्याशी वाद घालायचा. पण फाट्यावर ताटकळा, तालुक्याला उतरून दुसरी एसटी धरा, परतताना पुन्हा तेच. आईचे गुडघे काही कुणी नवे बसवले नव्हते. तीन गुरुवारांतला एक तिला जमायचा. उरलेल्या दोन गुरुवारी ती शेळ्यांवर खेकसायची.

असं चाललेलं असताना आमच्या नगरपंचायतीनं एका खाजगी कंपनीशी करार केला. थांबे नगरपंचायतीचे, गाड्या आणि चालक कंपनीचे, आणि आसपासची गावंही त्यात धरलेली. दहा-बारा माणसं बसतील अशा पांढऱ्या गाड्या. त्यांना वेळापत्रक नाही. मोबाइलवरून किंवा साध्या फोनवरून कळवायचं, कुठून बसायचं, कुठं उतरायचं, कधी निघायचं. मग गाडी येते, वाटेत दुसऱ्यांनाही घेते आणि तुम्हाला सोडते. ज्या थांब्यावरून कुणी बोलावलं नाही तिकडं ती वळत नाही. तिकीट गाडीत बसल्यावर. उद्घाटनाला पुढारी उशिरा आले, नारळ फुटला, त्यांनी गाडीत बसून स्टँडाला एक चक्कर मारली. कुणी न बोलावता आलेली ती पहिली आणि शेवटची गाडी.

लोकांनी तिचं नाव ठेवलं हाकेची गाडी. आमच्या वस्तीच्या तोंडाशी कडुलिंबाजवळ निळ्या पाटीचा खांब उभा राहिला तेव्हा भावानं मला त्याचा फोटो पाठवला. खांबाशेजारी आई उभी होती, डोक्यावर पदर, हात जोडलेले, एखाद्या देवळासमोर उभं राहावं तशी. वस्तीवर चालणारा मोठा मोबाइल एकच, भावजयीचा. पहिल्या गुरुवारी तिनं आईसाठी गाडी बोलावली. गाडी लिंबापाशी आली आणि मध्ये एकदाही न बदलता मावशीच्या घराच्या कोपऱ्यावर जाऊन थांबली. संध्याकाळी आईचा फोन आला. "पोरी," ती म्हणाली, "अक्काच्या दारात उतरले. चप्पलला धूळ न्हाई लागली."

इथवर सगळं छान होतं. पण आमची वस्ती ती आमची वस्ती.

गाडीत जागा आधी सांगून ठेवता येते, हे एकदा कळल्यावर लोकांना ती गोष्ट ओळखीची वाटली. हा तर रुमालच की, आणि तोही घरबसल्या टाकता येतो, खिडकीला लोंबकळावं लागत नाही. रोज सकाळी भावजयीच्या दारात माणसं जमू लागली. "उद्या माझं एक टाकून ठेव." "कुठं जायचंय, मामा?" "अजून ठरलं न्हाई, पर असू दे. येळंला नडतं." चुलत्यानं तालुक्याचं एक टाकलं, शेजारणीनं दवाखान्याचं एक टाकलं, कारण सुनेचे दिवस भरत आले होते आणि कोणत्या वारी काय होईल याचा भरवसा नव्हता. गाडी यायची, लिंबाखाली हॉर्न वाजवायची, आणि भावजय चहाचा कप घेऊन बाहेर जायची. "आज कोनी न्हाई, भाऊ. पन उद्या नक्की." चालक चहा प्यायचा आणि रिकामी गाडी वळवायचा. चहा पाजला म्हणजे झालं, असं सगळ्यांचं प्रामाणिक मत होतं.

हे मला कळलं त्या चालकाकडूनच. तो सिरसाळ्याकडचा, अंगानं सडपातळ. कंपनीनं सगळ्या चालकांना एकाच मापाचे शर्ट वाटले होते आणि ह्याचा शर्ट गुडघ्याकडं चालला होता. तो आखूड करून घ्यायला माझ्या दुकानात आला आणि बोलता बोलता मी त्या वस्तीची लेक हे त्याला कळलं. खुर्चीवर बसत तो म्हणाला, "ताई, तुमच्या माहेरचा चहा लई गोड हाय. पर असंच चाललं तर आमची गाडी तिकडं बंद व्हनार."

मला राग लवकर येतो, हे दुकानातल्या बायकांना विचारा. त्याच दुपारी नगरपंचायतीच्या इमारतीत कंपनीची खोली आहे तिथं गेले. कानाला हेडफोन लावलेली एक तरुण मुलगी तिथं बसते. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, त्यामुळं भांडायची पंचाईत झाली. ती म्हणाली, "ताई, बोलावणं येतं, गाडी जाते, आणि माणूस नसतं. तेवढ्यात दुसऱ्या गावच्या लोकांना आम्ही जागा नाही म्हणून सांगितलेलं असतं. हा महिना बघू, नाहीतर तो थांबा काढावा लागेल." मी म्हटलं, तुम्ही इथं बसून उंटावरून शेळ्या हाकता, माझ्या माहेरी शेळ्या पायी हाकतात, त्यांना हे कुणी समजावलं का? ती हसली. "तुम्ही समजावा ना," म्हणाली.

मी रविवारी वस्तीवर गेले. लिंबाखाली सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की हे बोलावणं म्हणजे रुमाल नाही. चुलता म्हणाला, "आमी काय वाईट केलं? जागा धरून ठिवली, बसलो न्हाई, तिकिटाचं नाव न्हाई. कुनाचं काय गेलं?"

"गाडी इथवर रिकामी येते ना, काका."

"एसटी बी येती रिकामी."

"एसटी निघतेच. ही गाडी हाक मारल्याशिवाय निघत नाही."

माझं सांगणं काही डोक्यात शिरेना. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता, असं मी ओरडले, तर सगळे माझ्याकडं मायेनं बघत राहिले, चिडलेल्या लेकीकडं माहेर बघतं तसं. शेवटी आई बोलली. ती उठलीसुद्धा नाही. "आपन कुनाला हाक मारून बोलिवलं," ती म्हणाली, "आनि त्यो दारात आल्यावर आपल्या घरात मानूस न्हाई. शोभतं का आपल्याला?" चुलत्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "तसं म्हनतीस व्हय," तो म्हणाला. ठरलं की ज्यानं रुमाल टाकला त्यानं उचलायचा. जायचं नसेल तर टाकायचाच नाही.

पण आधीच टाकलेले रुमाल होते, पुढच्या आठवडाभराचे. नाव मागं घेता येतं हे मी भावजयीला दाखवलं होतं, पण टाकलेला रुमाल असा परस्पर काढून घेणं वस्तीला पटलं नाही. त्यांनी ते इमानदारीनं उचलले. सोमवारी चुलता माझ्या दुकानात येऊन बसला. "काय काम काढलं, काका?" "काम कसलं? रुमाल उचलाय आलतो." मंगळवारी शेजारीण आली, सुनेचे दिवस अजून भरले नव्हते, पण दवाखाना बघून तरी जाते म्हणाली. बुधवारी दोन म्हातारे आले आणि परतीची गाडी येईपर्यंत माझ्या ओट्यावर तंबाखू मळत बसले. सगळ्यांना चहा झाला, दोघांना जेवण झालं. नवरा म्हणाला, "नगरपंचायतीनं एक निळा खांब आपल्या दारातपण पुरावा." मी त्याला गप्प केलं, पण खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं. लग्नानंतर इतकं माहेर माझ्या घरी कधी आलं नव्हतं.

वस्ती सुधारली. मी निवांत झाले आणि चालकाच्या दुसऱ्या शर्टाला बटणं लावत होते तेव्हा तो अवघडून म्हणाला, "ताई, एक सांगू का? गुरुवारची एक जागा अजून रिकामीच येती."

युसूफ वडगावहून परत येताना आईच्या नावानं दोन जागा सांगितलेल्या असायच्या. एकीवर आई, दुसरीवर आईची पिशवी. पहिल्या गुरुवारपासून. पिशवीला कुणी हात लावायचा नाही. नुकत्याच झालेल्या गुरुवारी वाटेतल्या एका गावच्या शिक्षिकेला गाडी भरली म्हणून नकार मिळाला आणि तीच गाडी तिच्यासमोरून पिशवीला खिडकीशी बसवून निघून गेली. शिक्षिकेनं तक्रार केली. तिचं काही चुकलं नाही, मी असते तर रस्ता अडवला असता. आता हेडफोनवाल्या मुलीनं सांगितलं होतं की आणखी एकदा त्या वस्तीच्या नावावर रिकामी जागा दिसली तर थांबा बंद.

मी भावजयीला फोन लावला. "वन्स," ती म्हणाली, "मला आत्याबाईंनी शपथ घातली व्हती. तुमाला सांगायचं न्हाई म्हनून." लिंबाखाली सगळ्या वस्तीला शोभतं का म्हणून विचारणारी माझी आई, आणि तिनंच ताकास तूर लागू दिली नव्हती.

संध्याकाळी गेले तेव्हा आई शेळीची धार काढत होती. मी सगळं सांगितलं, शिक्षिकेचं, तक्रारीचं, खांबाचं. तिनं धार थांबवली नाही.

"अक्का म्हनली व्हती, म्होरल्या गुरुवारी येते," ती म्हणाली.

"असे किती गुरुवार झाले, माय?"

"तिनं म्हनलंय ना. मग मी जागा न्हाई धरली, आनि नेमकी ती उठून आली तर? उभ्यानं आनू तिला, सळई घातलेल्या पायावर?"

"ती येत नाही. ती तोंडदेखलं म्हणते."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

शेळीनं पाय आपटला. आईनं तिच्या पोटावरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ती अंगनातून बघती. गाडी कोपऱ्यावर हुबी ऱ्हाती, मी पिशवी खिडकीत ठिवते, ते तिला दिसतं. येखाद्या गुरुवारी पिशवी न्हाई दिसली, तर तिला कळंल."

"काय कळेल?"

"मी आस सोडली ते."

माझा सगळा राग गेला. मी गोठ्याच्या खांबाला टेकून रडले. लपवायचं कारण नव्हतं, आई शेळीकडं बघत होती आणि शेळी कडब्याकडं. पण रडून घोडं पुढं जात नव्हतं. जागा सोडावी तर एक म्हातारी मनातून मोडणार, आणि धरावी तर खांब उखडणार, म्हणजे गुरुवारच बंद. शेवटी मी म्हटलं, या गुरुवारी मी सोबत येते. "ये," आई म्हणाली. "पर दोन जागा मी सांगितल्यात. त्या ऱ्हातील. तुझी तू येगळी सांग."

गुरुवारी दुकान बंद ठेवून पहाटेच वस्तीवर गेले. लिंबाखाली निम्मी वस्ती उभी होती. कुणाला कुठं जायचं नव्हतं, नुसते बघायला आले होते. गाडी आली तसं मी आईची पिशवी उचलायला गेले आणि खांदा निखळायची वेळ आली. "काय दगड भरलेस का?" "अक्काला काय काय लागतं," आई म्हणाली आणि पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. गाडीत ती मांडीवर घेऊन बसली. चालक आरशातून हसला. "दर गुरुवारी तीच पिशवी, ताई. मी उचलू म्हनलं तर हात लावू देत न्हाईत."

मावशी अंगणात बाजेवर बसलेली होती, शेजारी वॉकर. मला बघून तिचं तोंड उजळलं. आईनं तिच्यामागं बसून केस सोडले, तेल घातलं, आणि लगेच वाद सुरू झाला की हे तेल करडईचं का शेंगदाण्याचं. मी ऐकत बसले. मला वाटलं होतं आई गाडीचा विषय काढेल, पण ती नुसती विंचरत होती. परतीच्या गाडीची वेळ जवळ येत होती. शेवटी मला राहवलं नाही.

"मावशी, तू आज नाही आलीस तर वस्तीची गाडी बंद होणार."

आईचा हात थांबला. मी सगळं सांगून टाकलं. मावशी ऐकत होती, अर्धी वेणी खांद्यावर. मग तिनं मान वळवून आईकडं बघितलं.

"तू जागा धरतीस ते दिसतं मला. पर त्यापायी थांबा जानार, हे कावून न्हाई सांगितलं गं धाकटे?"

"सांगितलं असतं तर तू लोकांच्या भिडंनं आली असतीस," आई म्हणाली. "मला तशी नकू व्हतीस."

मावशी माझ्याकडं वळली. "तुला वाटत असंल मावशी हट्टी हाय. दवाखान्यातून आल्यावर एका लगीनाला गेलतो आमी, एसटीनं. ती पायरी कंबरंएवढी. मला चढता येईना. मग दोघांनी खालून उचललं, दोघांनी वरून वढलं, पोतं चढवत्यात तसं. लुगडं कुटं चाललंय ते बी बघना कोनी. समदी गाडी बघत व्हती. त्या दिशी कानाला खडा लावला. मेले तर खांद्यावरून जाईन, पर जित्तेपनी मला कोनी उचलायचं न्हाई." हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. आई त्या गाडीत होती. तिनं आजवर आमच्यापैकी कुणाला हे सांगितलं नव्हतं.

लांबून हॉर्न ऐकू आला. आईनं उरलेली वेणी भराभर घातली आणि शेवटाला गाठ मारली.

"कोनी न्हाई उचलनार," ती म्हणाली.

"मग काय उडून चढू?"

"तू कोपऱ्यापर्यंत तर चल. न्हाई जमलं तर माघारी फिर. मी काय म्हननार न्हाई."

मावशीनं सुस्कारा सोडला आणि वॉकर जवळ ओढला. "अख्ख्या वस्तीचा शाप कोन घील," ती म्हणाली. पण तिचे डोळे तसं म्हणत नव्हते. आम्ही तिघी कोपऱ्यापर्यंत गेलो, वॉकरच्या चालीनं.

गाडीत माणसं होती. खिडक्यांतून तोंडं बाहेर वळली, आणि ती वळताच मावशी जागच्या जागी थांबली. हाकेच्या गाडीची पायरी एसटीपेक्षा बुटकी, पण मावशीच्या पायाला तीही उंचच. चालक चांगल्या मनाचा. तो पटकन उतरला आणि तिला धरायला हात पुढं करून आला. वॉकरवरची मावशीची बोटं पांढरी पडली.

"तू हात लावू नगंस, भाऊ," आई म्हणाली.

ती खाली बसली. पिशवीचं तोंड उघडलं, वरचं भाकरीचं फडकं बाजूला काढलं आणि आतून पाट बाहेर ओढला. आमच्या न्हाणीतला पाट. सागाचा, चार पायांचा. एक पाय मोडल्यावर वडिलांनी बाभळीचा ठोकळा ठोकून बसवला होता, तो मी शंभर पाटांत ओळखेन. त्यावर बसून मी लहानपणी अंघोळ केली आहे. पहिल्या गुरुवारपासून आई तो असा येता-जाता वाहून नेत होती, गुडघे दुखत असताना, आणि परत तसाच आणत होती. तिनं तो पायरीच्या खाली नीट टेकवला आणि हातानं दाबून पाहिला, हलत नाही ना.

मावशीनं पाटाकडं बघितलं, मग आईकडं. तिनं वॉकर सोडला, एक हात आईच्या खांद्यावर ठेवला, चांगला पाय पाटावर ठेवला, मग दुसरा. पाटावरून पायरीवर, पायरीवरून आत. तिला कुणी उचललं नाही. लुगडं जागच्या जागी होतं. ती खिडकीशी जाऊन बसली आणि पदर सारखा केला. चालकानं वॉकर आत घेतला आणि मोबाइलवर दोन्ही जागांपुढं बोट टेकवलं. म्हणजे खांब राहिला, हे मला थोडं उशिरानं लक्षात आलं.

आई अजून खालीच होती. पाटाची माती पदरानं पुसून तो पिशवीत घालत होती. भाकरीचं फडकं पुन्हा वर ठेवायला तिला जरा वेळ लागला, कारण तिला नीट दिसत नव्हतं. तेवढ्यात मागचा एक माणूस उठून मावशीशेजारच्या मोकळ्या जागेकडं आला. मावशीनं त्या जागेवर आपला हात पालथा ठेवला.

"मानूस हाय हितं," ती म्हणाली. "यायलीय ती."